टुरिस्ट परत आले, मग तिथे राहणारे का कुरकुरतात? फुकेतबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की कोविडमधे ओस पडलेलं थायलंडचं फुकेत बेट आता पुन्हा कसं भरून वाहतंय आणि नोकरीधंद्यासाठी किंवा रिटायर होऊन इथे राहिलेली बाहेरदेशची मंडळी, म्हणजे एक्सपॅट, त्यावर काय काय बोलतात. त्यावर बरेच प्रश्न आलेत, काही चिडून लिहिलेले पण आहेत, आणि ते मला आवडले. मी इथल्या एका हॉटेलात रिझर्व्हेशनला आहे, कोविडच्या आधीपासून, म्हणजे माझा पगार टुरिस्टवर चालतो, हे आधीच सांगून ठेवते, पुढचं सगळं ते लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न: ज्या टुरिस्टच्या जिवावर ते बेट उभं आहे तेच परत आले तर तिथले एक्सपॅट नाराज? हे कळलं नाही. ही तर निव्वळ मिजास झाली.

थोडी मिजास आहे, पण सगळ्यांची नाही. फुकेतमधे कोणाचं मत काय आहे हे कळायला फक्त एक गोष्ट विचारायची, तुमचे पैसे कुठून येतात. रावाई, नाय हार्न या दक्षिणेकडच्या भागात खूप पेन्शनवाले राहतात. रिटायरमेंटवर इथे राहायचं तर वय पन्नास किंवा त्याहून जास्त लागतं आणि बँकेत ८ लाख बाट नाहीतर महिन्याला ६५ हजारांचं उत्पन्न दाखवावं लागतं, आणि हे उत्पन्न इंग्लंड-जर्मनी-ऑस्ट्रेलियातून येतं, त्यामुळे २०२० मधे इथली विमानं बंद झाली तरी त्यांच्या खात्यात एक तारखेला पैसे जमा होतच होते. लॅपटॉपवर बाहेरच्या कंपन्यांची कामं करणारे पण तसेच. या लोकांसाठी कोविडचा काळ म्हणजे रिकामा समुद्र, रिकामे रस्ते, अर्ध्या भाड्यात बंगला, असं सगळं होतं. ते आजही "तेव्हाचं फुकेत" म्हणून आठवण काढतात आणि ऐकताना माझ्या पोटात तुटतं.

कारण दुसरी बाजू मी रोज बघत होते. मार्च २०२० च्या शेवटी बेटाचा रस्ता आणि समुद्र बंद केला, एप्रिलमधे एअरपोर्ट बंद. स्क्रीनवर बुकिंगची लाल कॅन्सलेशन खाली खाली सरकत जायची, आधी मार्चची, मग एप्रिलची, मग लोकांनी डिसेंबरची पण रद्द केली. पातोंगमधला बांगला रोड, जिथे रात्री गर्दीत पाऊल टाकायला जागा नसते, तिथे एका ओळीत शटर खाली आणि त्यावर भाड्याने देण्याचे बोर्ड. इसानमधून, म्हणजे थायलंडच्या ईशान्येकडच्या गरीब भागातून आलेल्या आमच्या हाउसकीपिंगच्या बायका गावी निघून गेल्या. ज्यांचा सोशल सिक्युरिटीत हप्ता भरलेला होता त्यांना पगाराच्या ६२ टक्के मिळत होते, पण हिशोबाला पगार जास्तीत जास्त १५ हजार धरायचा, म्हणजे हातात फार तर ९३०० बाट. कागदावर नसलेल्या थाई कामगारांना सरकारने महिना ५ हजार असे तीन महिने दिले. बर्मी मजूर, जे इथली बांधकामं आणि मासळीचं काम करतात, त्यांना ते ५ हजार पण नाहीत.

मे २०२० मधे थायलंडभर लोकांनी रस्त्याकडेला कपाटं ठेवली, तू पन सुक म्हणतात त्यांना, ज्याच्याकडे आहे त्याने ठेवायचं आणि ज्याला लागतं त्याने न्यायचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पण एक होतं. तांदळाच्या पिशव्या, अंडी, मामा नूडल्स, दूध पावडर, एवढंच असायचं आणि सकाळी भरलं की दुपारपर्यंत रिकामं. त्या कपाटात सामान ठेवणाऱ्यांत पेन्शनवाले फरांग, म्हणजे गोरे परदेशी, पण खूप होते, अन्नवाटपाच्या रांगा लावण्यात, पैसे गोळा करण्यात त्यांनी जीव तोडून काम केलंय, हे सांगितलंच पाहिजे. म्हणून मी सरसकट मिजास म्हणणार नाही. पण त्यातल्याच कोणी आज म्हणालं की तेव्हा बेट छान होतं, तर मी स्पष्ट सांगते की ते छान नव्हतं, फक्त शांत होतं, आणि त्या शांततेचे पैसे दुसऱ्यांनी भरले.

प्रश्न: मग धंदेवाले एक्सपॅट तर खूशच असतील ना?

जे टिकले ते खूश आहेत, पण टिकले किती कमी! इथला एक नियम बाहेर फारसा कोणाला माहीत नसतो. परदेशी माणसाला छोटं रेस्टॉरंट किंवा डाइव्ह शॉप चालवायचं तर साधारण २० लाख बाट भांडवलाची कंपनी लागते आणि एका परदेशी वर्क परमिटमागे चार थाई कर्मचारी पगारावर दाखवावे लागतात. आता विचार करा, गिऱ्हाईक शून्य आहे, पैसे वाचवायला माणसं कमी करावी तर स्वतःचंच वर्क परमिट अडचणीत, आणि परमिट गेलं की व्हिसा गेला, म्हणजे धंदा बुडतोय म्हणून देश पण सोडा. कितीजणांनी घरचं सोनंनाणं, साठवलेले पैसे घालून ते चार पगार चालू ठेवले. नोकरीवाल्यांचं पण तेच, डाइव्ह इन्स्ट्रक्टर, शेफ, आमच्यासारखे हॉटेलवाले, सगळ्यांचा व्हिसा मालकाला बांधलेला. सरकारने २०२० मधे अडकलेल्यांची व्हिसाची मुदत काही काळ आपोआप वाढवत नेली म्हणून श्वास घेता आला.

त्यामुळे या गटाला टुरिस्ट परत आल्याचा आनंद किती झाला हे शब्दात सांगता येणार नाही. पहिली इंटरनॅशनल फ्लाइट उतरली तेव्हा आमच्या लॉबीत टीव्हीसमोर माणसं रडली आहेत.

प्रश्न: ते "सँडबॉक्स" नक्की काय होतं? माझा भाऊ तिथे कामाला होता, सुट्टीला घरी आला आणि अडकला, त्याला त्यातून परत जाता आलं नाही, का ते आजवर कळलं नाही.

फुकेत सँडबॉक्स १ जुलै २०२१ ला सुरू झालं. कल्पना अशी की पूर्ण लस घेतलेल्या परदेशी माणसाने क्वारंटाइनच्या खोलीत कोंडून घेण्याऐवजी आख्ख्या बेटावर मोकळं फिरायचं, पण १४ रात्री बेट सोडायचं नाही, त्यानंतरच बाकी थायलंडमधे जायचं. त्याआधी बेटावरच्या ७० टक्के लोकांना लस द्यायचं टार्गेट ठेवून देशात सगळ्यात आधी इथे मोहीम राबवली. पहिल्या दिवशी अबूधाबी, दोहा, तेल अवीव आणि सिंगापूरहून विमानं आली, पंतप्रधान प्रयुत चान-ओचा स्वतः आले होते.

पण मोकळं म्हणजे किती मोकळं ते बघा. येण्याआधी थाई एम्बसीकडून सर्टिफिकेट ऑफ एंट्री, १ लाख डॉलर कव्हर असलेला विमा, एसएचए प्लस हे सरकारी आरोग्य-सुरक्षेचं सर्टिफिकेट असलेल्याच हॉटेलचं पैसे भरलेलं बुकिंग, फोनवर मोर चाना हे माणसाचा माग ठेवणारं ॲप, आणि स्वतःच्या खर्चाने तीन आरटी-पीसीआर. हॉटेलने रोज पाहुणा खोलीवर परत आला का ते कळवायचं. आमचं काम रिझर्व्हेशनचं राहिलंच नव्हतं, अर्धा दिवस लोकांच्या स्वॅबच्या तारखा जुळवण्यात जायचा, विमान लेट झालं की सगळ्या तारखा पुढे, विमानात जवळच्या सीटवरचा कोणी पॉझिटिव्ह निघाला की मग त्या पाहुण्याची सुट्टीच गेली, त्याची समजूत कोण काढणार तर आम्ही.

तुमच्या भावाचं उत्तर यातच आहे. भारतात डेल्टाची लाट आली तेव्हा थायलंडने १ मे २०२१ पासून भारतातून येणाऱ्या परदेशी नागरिकांची एंट्री सर्टिफिकेटं थांबवली, आणि सँडबॉक्स सुरू झालं तेव्हा ठरावीक देशांची यादी होती, त्यात आपण नव्हतो. म्हणजे इथे वर्क परमिट आहे, घर आहे, मुलांची शाळा आहे, पण गावी गेलेला माणूस बाहेर आणि लंडनचा पर्यटक आत. तेव्हा आम्ही भारतीय लोक फार दुखावलो होतो आणि मला अजून वाटतं की इथे राहणाऱ्या-काम करणाऱ्या माणसाला टुरिस्टच्या आधी वाट करून द्यायला हवी होती. साथीचा धोका खरा होता, मान्य, पण टेस्ट आणि क्वारंटाइन लावून त्यांना घेता आलं असतं.

पुढचं थोडक्यात, ऑगस्ट २०२१ मधे बँकॉककडे केसेस वाढल्या म्हणून उलट थाई लोकांनाच बेटाच्या तोंडाशी असलेल्या था चातचाईच्या चेकपोस्टवर अडवलं, परदेशी पाहुणे मात्र विमानाने येत राहिले, त्याचा स्थानिकांना राग आला आणि तो बरोबरच होता. ऑक्टोबरपासून १४ चे ७ दिवस झाले, नोव्हेंबरला टेस्ट अँड गो, म्हणजे टेस्ट निगेटिव्ह आली की मोकळं, डिसेंबरच्या शेवटी ओमिक्रॉनमुळे ते बंद, फेब्रुवारी २०२२ ला परत चालू, आणि १ जुलै २०२२ ला थायलंड पास, म्हणजे येण्याआधीची ऑनलाइन नोंदणी, रद्द झाला तेव्हा कुठे कागद संपले.

प्रश्न: माणसं नसल्यामुळे तिथला निसर्ग सुधारला, कासवं परत आली असं फॉरवर्ड वाचलं होतं. खरं का? खरं असेल तर टुरिस्ट कमीच बरे की.

कासवांचं खरं आहे पण पूर्ण खरं नाही. फुकेत आणि शेजारच्या फांग न्गाच्या किनाऱ्यांवर त्या सीझनला लेदरबॅक कासवांची ११ घरटी सापडली, २० वर्षांतली सगळ्यात जास्त. पण तो सीझन नोव्हेंबर २०१९ ला सुरू झाला होता, तेव्हा बीच भरलेले होते. शांत आणि अंधाऱ्या किनाऱ्याने मदत नक्की झाली असेल, लेदरबॅकला उजेड आणि गर्दी चालतच नाही, पण ते सगळं श्रेय कोविडला देणं बरोबर नाही.

मला याहून महत्त्वाचं उदाहरण वाटतं ते माया बेचं. फी फी बेटावरचा हा बीच, दिवसाला हजारो माणसं, बोटींचे नांगर थेट पोवळ्यांवर. तो बंद केला जून २०१८ मधे, म्हणजे कोविडच्या दीड वर्ष आधी, पोवळ्यांची वाट लागली होती म्हणून, जाणूनबुजून, पर्यटनाचं नुकसान सोसून. १ जानेवारी २०२२ ला उघडला तेव्हा एका फेरीला ३७५ माणसं, बोटी मागच्या लो समाह बाजूला लावायच्या, पोहायचं नाही, आणि दरवर्षी पावसाळ्यात दोन महिने पूर्ण बंद. आज तिथे गुडघाभर पाण्यात ब्लॅकटिप शार्कची पिल्लं फिरतात, काळ्या टोकाचा पंख पाण्याबाहेर दिसतो आणि लोक किनाऱ्यावरून बघतात, पोहायला कोणी उतरत नाही. आता याला महामारी लागली का? नियम लागला आणि तो पाळायला लावणारी माणसं लागली. म्हणून कोणी मला म्हटलं की निसर्गासाठी टुरिस्ट नकोत तर मी त्यांना माया बे दाखवते. ज्याला समुद्राचं खरंच वाईट वाटतं त्याने मोजून माणसं सोडा म्हणावं, बंद करा म्हणू नये.

प्रश्न: मिस्टरांना फुकेतमधून हॉटेलची ऑफर आहे. भाडी परवडतात का? की आता उशीर झाला?

उशीर नाही, पण २०२१ च्या भाड्यांचे जुने व्हिडिओ बघून हिशोब करू नका. तेव्हा मालक म्हणायचे तुम्ही फक्त राहा, लाइट बिल भरा. २०२२ मधे युक्रेनचं युद्ध सुरू झालं, सप्टेंबरमधे रशियाने सैन्यभरती जाहीर केली आणि त्या हिवाळ्यात रशियन कुटुंबंच्या कुटुंबं इथे आली, सुट्टीला नाही, राहायला. बांग ताओ, चेर्न्ग तले, रावाई या भागांतली भाडी बघता बघता दुप्पट झाली, वर्षाचा करार संपला की मालक सरळ सांगायचे की तिकडून सहा महिन्यांचे रोख मिळतायत. मध्यम पगारावरचे शिक्षक, हॉटेलवाले आणि त्यांच्या आधी थाई कामगार आतल्या बाजूला, काथू, थालांगकडे सरकले. एक्सपॅटची टुरिस्टवरची खरी नाराजी मला विचाराल तर ही आहे, आणि ती रास्त आहे.

तर मिस्टरांना हे विचारायला सांगा: राहायची जागा हॉटेल देणार का, नसेल तर वेगळा भत्ता किती, वर्क परमिट आणि तुमच्या-मुलांच्या डिपेंडंट व्हिसाचा खर्च कोणाचा, आणि सर्व्हिस चार्ज (पाहुण्यांच्या बिलातला जो भाग कर्मचाऱ्यांत वाटतात) महिन्याला किती येतो. हा सर्व्हिस चार्ज महत्त्वाचा, हाय सीझनला पगाराइतका येतो आणि पावसाळ्यात नावाला, तर ऑफरमधे त्यांनी जानेवारीचा आकडा धरलाय का सप्टेंबरचा ते बघा. तुम्हाला डिपेंडंटवर काम करता येणार नाही, त्याला वेगळं परमिट. स्कूटर लागेलच, बस नावापुरती आहे आणि टॅक्सी महाग, पण लायसन्स आणि विमा नसताना एक दिवस पण चालवू नका, इथले अपघात फार वाईट असतात. आणि दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा, तो चुकवू नका.

प्रश्न: खरं सांगा, भारतीय टुरिस्टबद्दल तिथे काय बोलतात?

बरं बोलतात आणि वाईट पण बोलतात. १० नोव्हेंबर २०२३ पासून आपल्याला व्हिसाशिवाय येता यायला लागलं आणि तेव्हापासून बारा महिने आपले लोक दिसतात, पावसाळ्यात सुद्धा, जेव्हा युरोपियन नसतात. लो सीझनमधे हॉटेलं चालू ठेवण्यात आपल्या लोकांचा आणि विशेषतः लग्नांचा हात मोठा आहे, एका लग्नात आख्खं हॉटेल भरतं, फुलवाले, स्वयंपाकी, गाड्यावाले सगळ्यांना काम. पातोंगमधली भारतीय रेस्टॉरंटं कोविडमधे बंद पडली होती त्यातली कितीतरी आता पुन्हा उभी आहेत. वाईट काय, तर घासाघीस, एका खोलीत जास्त माणसं, आणि बीचवर बायकांचे फोटो काढणं. शेवटचं फार लागतं. काही एक्सपॅट यावरून सगळ्या भारतीयांबद्दल वाट्टेल ते बोलतात, तेव्हा मी गप्प बसत नाही, कारण दारू पिऊन हेल्मेटशिवाय स्कूटर उडवणारे आणि पोलिसांशी हुज्जत घालणारे कोणत्या देशाचे असतात ते इमर्जन्सी वॉर्डात जाऊन बघावं, सगळ्या देशांचे असतात. पण फोटो काढणाऱ्याची बाजू पण मी घेणार नाही.

प्रश्न: तुम्ही स्वतः तिथे परक्या. टुरिस्ट किती यावेत हे ठरवण्याचा तुम्हाला आणि त्या गोऱ्या पेन्शनरांना काय अधिकार?

ठरवण्याचा काहीच नाही. आम्ही इथे मत देत नाही, जमीन आमच्या नावावर होत नाही, कॉन्डो घेतला तरी एका बिल्डिंगमधे परदेशी लोकांचा हिस्सा ४९ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. आणि स्थानिक लोकांच्या नजरेत गर्दीत आम्ही पण मोजले जातो, हे एक्सपॅट लोकांनी नीट समजून घ्यायला हवं. २०२४ च्या सुरुवातीला केप यामूच्या किनाऱ्यावर फुकेतचे लोक जमले होते, बीच सगळ्यांचा आहे, बंगलेवाल्यांचा नाही हे सांगायला. तो राग टुरिस्टवर नव्हता, इथे घर करून राहिलेल्या परदेशी लोकांवर होता. डोंगर कापून बंगले बांधले जातात ते बहुतेक आमच्यासारख्यांसाठीच, एक आठवड्यासाठी येणारा बंगला बांधत नाही. ऑगस्ट २०२४ मधे बिग बुद्धाच्या डोंगरावरून काटा-करोनच्या बाजूला दरड आली आणि १३ माणसं गेली, त्यानंतर चढावरच्या बांधकामांबद्दल इथले लोक जे विचारतायत ते प्रश्न आमच्या सोसायट्यांच्या मीटिंगमधे पण विचारायला पाहिजेत.

पण ठरवण्याचा अधिकार नाही म्हणून बोलायचं नाही असं मला वाटत नाही. थायलंडमधे २०१९ ला जवळजवळ ४ कोटी टुरिस्ट आले, २०२१ ला सव्वाचार लाखांच्या आसपास, २०२३ ला परत २ कोटी ८० लाख. या उड्या मारणाऱ्या आकड्यांमधे बेटावरचे रस्ते, पाण्याची आणि कचऱ्याची सोय तेवढीच राहिली. सफान हिनच्या भट्टीत २०२४ च्या सुमारास दिवसाला ७०० टन कचरा जळायचा आणि बेटावर निघायचा हजार टनांच्या वर. पातोंगच्या घाटातला रस्ता ऑक्टोबर २०२२ मधे पावसाने खचला तेव्हा कळलं की इतक्या मोठ्या गावाला फुकेत टाउनच्या बाजूने जायला एकच धड रस्ता आहे, त्या डोंगरातून बोगदा काढायची चर्चा तर कितीतरी वर्षं चालली. दोन वर्षं बेट रिकामं होतं, तेव्हा हे करायला वेळ होता आणि हाताला काम हवं असलेली माणसं पण होती. ते झालं नाही आणि याचं दुःख मला आमच्या थाई सहकाऱ्यांइतकंच आहे, कारण त्याच नळाचं पाणी मी वापरते, त्याच ट्रॅफिकमधे मी पण कामाला जाते.

म्हणून मी इथल्या एक्सपॅट ग्रुपवर हेच भांडत असते की टुरिस्ट कमी व्हावेत असं म्हणायचं सोडा, त्यांच्याकडून घेतलेल्या पैशातला काही भाग पाणी आणि कचऱ्यावर खर्च होऊ दे म्हणा, आपल्या बंगल्याच्या मागच्या डोंगराला परवानगी कशी मिळाली ते विचारा, आणि घरी कामाला येणाऱ्या बाईला हाय सीझनचं भाडं परवडतंय का ते तिलाच विचारा आणि त्याप्रमाणे पगार वाढवा.